हृदयाजवळ गाठ? आधी एक दीर्घ श्वास घ्या!

नवा जॉब, घसघशीत पॅकेज, नोटीस पीरिअडही संपत आलेला. उरलीय फक्त मेडिकलची फॉर्मॅलिटी. ब्लड, युरिन, छातीचा एक्स-रे. आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते, ‘हृदयाच्या उजव्या कडेला गोलसर सावली, सीटी स्कॅन करावा.’ झालं! पुढच्या पाच मिनिटांत गुगलवर ‘हृदय’ आणि ‘गाठ’ हे दोन शब्द एकत्र टाइप होतात आणि रात्रीच्या झोपेचं खोबरं होतं.

थांबा. त्या सावलीचं नाव ‘पेरिकार्डियल सिस्ट’ असू शकतं. तसं असेल तर ती बहुतेक वेळा काहीएक त्रास देत नाही.

आपलं हृदय उघडंवाघडं नसतं. त्याच्याभोवती दुपदरी आवरण असतं, त्याला म्हणतात पेरिकार्डियम. आईच्या पोटात असताना हे आवरण छोटे छोटे कप्पे एकमेकांत मिसळून तयार होतं. एखादा कप्पा मिसळायचा राहून गेला, तर त्याची पुढे पातळ भिंतीची पिशवी बनते असं मानलं जातं. आत काय? नितळ, पाण्यासारखा द्रव. म्हणूनच डॉक्टरांच्या जगात तिला ‘स्प्रिंग वॉटर सिस्ट’ असंही लाडाचं नाव आहे. ही कॅन्सरची गाठ नव्हे आणि कॅन्सरमध्ये बदलण्यासाठी टपूनही बसलेली नसते.

प्रमाण म्हणाल तर साधारण लाखात एक. मग एवढ्याशा गोष्टीवर अख्खा कॉलम कशाला? कारण ही सिस्ट सापडते ती बहुतेकदा दुसरंच काही शोधताना, तिशी-चाळिशीतल्या ठणठणीत माणसात. आणि खरा घोळ आपल्या भाषेतही आहे. मराठीत पाण्याची पिशवीही ‘गाठ’ आणि कॅन्सरचा ट्यूमरही ‘गाठच’. घरी फोन करून ‘हृदयाजवळ गाठ निघालीय’ म्हणालात, की आई देव पाण्यात घालणार आणि काका ओळखीच्या सर्जनची अपॉइंटमेंट घेणार. त्यापेक्षा ‘पाण्याची पिशवी असावी, खात्री करून घेतोय’ असं सांगा. बीपी सगळ्यांचंच नॉर्मल राहील.

खात्री कशी करायची?

एक्स-रे फक्त सावली दाखवतो, तिच्या आत काय आहे ते सांगत नाही. सावलीची जागा मात्र बरंच बोलते. जवळजवळ ७० टक्के पेरिकार्डियल सिस्ट हृदयाची उजवी कड आणि श्वासपटल जिथे भेटतात, त्या कोपऱ्यात असतात.

पुढची पायरी म्हणजे टूडी इको. सोनोग्राफीचंच हे भावंड. ना रेडिएशन, ना सुई. आत द्रव असेल तर इकोमध्ये ती जागा काळी दिसते. त्यात रक्त वाहतंय का, म्हणजे हा रक्तवाहिनीचा किंवा हृदयाचा फुगवटा तर नाही ना, हेही डॉपलरवर कळतं. शेजारच्या हृदयावर दाब पडतोय का, तेही दिसतं. पण काही कोपरे इकोला नीट दिसत नाहीत. म्हणून मग सीटी.

सीटीमध्ये प्रत्येक गोष्टीची घनता आकड्यात मोजता येते. पाण्याची शून्य. सिस्टचा आकडा त्याच्या आसपास आला, भिंत पातळ असली आणि शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्ट डाय तिच्यात शिरलं नाही, की डॉक्टर निश्चिंत होतात. तरीही शंका उरली तर एमआरआय. तिथे रेडिएशन नाही, त्यामुळे वारंवार तपासणी लागणार असेल तर तरुण पेशंटसाठी तो बरा पडतो.

एवढे सोपस्कार कशासाठी? कारण त्याच जागी सावली पाडणारे इतरही आहेत. साधी चरबी, श्वासपटलातला हर्निया, सुजलेली लिम्फ ग्रंथी, कधी खरोखरचा ट्यूमर. शिवाय आपल्या देशात हायडॅटिड सिस्टचाही विचार करावा लागतो. कुत्र्यांच्या पोटातल्या एका टेपवर्मची अंडी माणसाच्या पोटात गेली की ती होते. हृदयाजवळ ती क्वचितच सापडते, पण तिला आंधळेपणानं सुई लावली तर आतला द्रव सांडून जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होऊ शकते. म्हणून आधी ओळख पटवायची आणि मगच सुई.

मग उपचार काय?

त्रास नसेल तर उपचार नाही! डॉक्टरनं ‘काही करू नका’ म्हटलं की आपल्याला पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. पण इथे वाट पाहणं हीच ट्रीटमेंट. ठरावीक काळानं इको किंवा स्कॅन करायचा आणि आकार वाढतोय का बघायचं. काही सिस्ट तर आपोआप लहान झाल्याच्या, अगदी नाहीशा झाल्याच्याही नोंदी आहेत.

छातीत दुखणं, दम लागणं, सततचा खोकला, धडधड असं काही सुरू झालं, सिस्ट वाढत गेली किंवा निदानच पक्कं होईना, तर मात्र हालचाल करायची. एक मार्ग म्हणजे स्कॅनवर बघत सुईनं द्रव काढणं. काम झटपट होतं, पण साधारण तिघांतल्या एकाची पिशवी काही वर्षांत पुन्हा भरते. ती भरू नये म्हणून कधी कधी आत अल्कोहोल सोडून भिंती चिकटवतात. (नाही, ते शनिवारी रात्री घेऊन हा परिणाम मिळत नाही!)

दुसरा मार्ग ऑपरेशनचा. १९३१ मध्ये ऑटो पिकहार्ट या अमेरिकन सर्जननं अशी सिस्ट पहिल्यांदा काढली, तेव्हा छाती उघडण्याला पर्याय नव्हता. आता बऱ्याच केसेसमध्ये व्हॅट्स पद्धतीनं, बरगड्यांमधल्या छोट्या छिद्रांतून कॅमेरा घालून काम होतं. मोठी किंवा अडचणीच्या जागी असलेली सिस्ट असेल तर आजही छाती उघडावी लागते.

क्वचित सिस्ट फुटते, तिच्यात रक्तस्राव होतो किंवा ती हृदय दाबते. तेव्हा अचानक जोरात छातीत दुखलं, खूप दम लागला किंवा चक्कर येऊन पडलात, तर ‘माझी सिस्ट तर निरुपद्रवी आहे’ म्हणत घरी बसायचं नाही. थेट इमर्जन्सी गाठायची.

आणि हो, कागदपत्रं!

पहिला स्कॅन जपून ठेवा, नुसता रिपोर्ट नव्हे, इमेजेसही. दोन वर्षांनी ‘वाढलीय का?’ या प्रश्नाचं उत्तर त्यातच सापडेल. नवीन हेल्थ इन्शुरन्स घेताना फॉर्मवर तिचा उल्लेख करा. आधीपासूनच्या आजारांसाठीचा वेटिंग पीरिअड २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, पण माहिती लपवली तर क्लेमच फेटाळला जाऊ शकतो.

डॉक्टरांपुढे बसलात की तीनच प्रश्न विचारा. ही सिस्टच आहे याची खात्री कितपत? ती कशावर दाब देतेय का? पुढची तपासणी कधी? तिन्हींची उत्तरं मिळाली की ती तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि नोटीस पीरिअडची उरलेली कामं उरकायला घ्या.