बोलतं करायचं कुणी?



घोडेगावच्या बैठकीला डिंभे धरणाच्या वरच्या गावातली एक बाई चार वर्षांच्या लेकीला घेऊन आली होती. हाक मारली की मुलगी वळे, पण बोलत नव्हती. वेखंड उगाळून जिभेला लावून झालं होतं. कानांची तपासणी मात्र कुणी सुचवली नव्हती. घरात बोट आईकडेच: तू दिवसभर रानात, पोर बोलणार कशी?

वाचा-उपचारासाठी पुण्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, आणि तेही महिनोन्‌महिने. एस.टी.त बायकांना २०२३पासून अर्धं तिकीट आहे, बुडालेल्या रोजाला सवलत नाही. "मुलगा असता तर कर्ज काढलं असतं," हे तीच म्हणाली.

२०१६च्या कायद्यानं वाचा व भाषेचा दोष अपंगत्वाच्या २१ प्रकारांत धरला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत तपासणीही करतात. चिठ्ठी मिळते, पुढचं आईनं बघायचं. उपचाराचा मोठा भाग घरीच होतो, हे खरं. भाकरी थापताना, शेळ्या राखताना मुलाशी बोलायचं, थांबायचं, त्याच्या उत्तराची वाट पाहायची. पण एवढ्यावरून सारं 'आईचं काम' ठरवणं मला मान्य नाही. मंचरला, जुन्नरला बाजाराच्या दिवशी उपचारक बसलेच पाहिजेत, ही मागणी आपण लावून धरू या.

पुढच्या बैठकीला मुलीच्या बापाला आण, असं मी तिला सांगितलं. ती हसली. म्हणाली, "ताई, तो निरोप तुम्हीच द्या."