दादाचं प्रवाळ

गेल्या मे महिन्यात माझ्या मावसभावाचं प्रवाळ आजारी पडलं. अडाजणच्या त्याच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक आहे, त्यात मुठीएवढं एक ब्रेन कोरल. ऐन उन्हाळ्यात चिलर बंद पडला, दुरुस्तीवाला चार दिवसांनी उगवला. तोवर पाणी ३१ अंशांच्या वर गेलं होतं आणि हिरवंगार प्रवाळ पांढरं पडायला लागलं. दादा म्हणाला, "मेलं गं हे."

मेलं नव्हतं. उपाशी होतं. प्रवाळ हा प्राणी. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर अन्न तयार करून त्याची बहुतेक भूक भागवतं. पाणी तापलं की हे बिऱ्हाड मोडतं. शैवाल जातं, त्याच्याबरोबर रंग जातो. आपण साहित्याची मुलं. आपल्याला प्रवाळ भेटतं ते ओठांच्या उपमेत, नाहीतर मंगळासाठी घातलेल्या अंगठीत. त्याला तोंड असतं हे मला एकविसाव्या वर्षी कळलं!

मग शुश्रूषा सुरू झाली. आधी पाणी २६ अंशांवर आणलं, खारटपणा समुद्राएवढा, म्हणजे हजार भागांत ३५, आणि दिवे निम्म्यावर. रात्री दिवे मालवले की प्रवाळ बारीक सोंडा बाहेर काढतं. तेव्हा पंप बंद करून, फ्रीझरमधल्या इवल्याशा कोळंबीचा कण पिपेटने तोंडाजवळ सोडायचा. आठवड्यातून दोनदाच. दादा रोज भरवायला निघाला होता. पण उरलेलं अन्न कुजतं, अमोनिया वाढतो, आणि माया करता करता आपणच त्याला मारतो. एक घास आत जायला वीसेक मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून बघितलंय. ऑगस्टमध्ये कडेकडेने हिरवा रंग परत आला, तेव्हा मावशीने चक्क पेढे आणले.

इथवर सगळं गोड. मग दादाने आधीचा-नंतरचा असे दोन फोटो स्टेटसला टाकले आणि दोन दिवसांत सात जणांनी विचारलं, "कुठून घेतलंस?"

माझं म्हणणं इथून सुरू होतं. २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या पंगतीत. त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. दादाने दुकानात बिल मागितलं तर उत्तर मिळालं, "कंई नी थाय." डुमसच्या चिखलात प्रवाळ उगवत नाही. ते कुठल्यातरी समुद्रातून उपटूनच आलं असणार. आणि आपल्याच गुजरातेत, मिठापूरला, वन खातं आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाची माणसं २००८ पासून प्रवाळ पुन्हा समुद्रात लावायची खटपट करतायत. २०२० मध्ये तिथेच झूलॉजिकल सर्व्हेने लोखंडी सांगाड्यात सौम्य वीज सोडून त्यावर प्रवाळ रुजवायचा प्रयोग केला. एकीकडे एवढी मेहनत, दुसरीकडे आमचा टँक.

दादाचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. तो म्हणतो, समुद्रही तापतोच आहे, २०२४ मध्ये लक्षद्वीपला प्रवाळं पांढरी पडली, माझ्याकडे निदान एक तरी जगलं. खरंय. पण टँकमधलं ते एकटं प्रवाळ समुद्राच्या काय कामाचं? त्याची अंडी कुठल्या खडकावर जाऊन रुजणार? उलट ते जितकं टवटवीत दिसेल तितकी त्या दुकानाची जाहिरात. आमच्या शुश्रूषेने एक वाचलं आणि बहुधा सात नवी गिऱ्हाईकं तयार झाली, हे मला खुपतं.

म्हणून मी म्हणते, आहे त्याला नीट सांभाळा, फोटो काढून टाका, दुसरं आणू नका. बघायचंच असेल तर जामनगरजवळ नरारा आहे, १९८२ साली झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. ओहोटीला तिथे घोट्याएवढ्या पाण्यात चालत जिवंत प्रवाळ बघता येतं. जाताना पाय कुठे ठेवतो तेवढं बघायचं.

दादाने स्टेटस उतरवलं. वन खात्याला कळवायचं का, यावर आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. तो घाबरतो, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा. बुधवारी आणि रविवारी रात्री साडेनऊला पिपेट मात्र मीच धरते.