म्हणे, पुढच्या महिन्यात येतोय!

आपल्या मराठी भाषेत ‘म्हणे’ हा मोठा चमत्कारिक शब्द आहे. जिला आई ना बाप, अशी बातमी या दोन अक्षरांच्या खांद्यावर बसून गावभर हिंडून येते. ‘साखर महागणार आहे म्हणे,’ असे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे कुणी नुसते पुटपुटले, की दिवेलागणीच्या आत आळीतल्या प्रत्येक घरात दोन-दोन किलो जादा साखर येऊन पडते. कोण म्हणाले, केव्हा म्हणाले, हे विचारायचे नसते. विचारले तर ‘म्हणे’ची सारी गोडीच जाते.

या सदराच्या वाचकांना माझा स्वभाव ठाऊक आहेच. अफवांवर माझा काडीचा विश्वास नाही, असे मी चारचौघांत छातीठोकपणे सांगतो आणि घरी येताना साखर घेऊन येतो! तेव्हा दुसऱ्याला हसण्याचा मला अधिकार नाही. पण एका ‘म्हणे’ने आमच्या घराला जवळजवळ दोन वर्षे टांगून ठेवले होते. त्याची हकीकत यंदाच्या दिवाळीत सांगून टाकावी, असे मनात आले.

आमचे चिरंजीव अमेरिकेत, न्यू जर्सीत असतात. तिकडे २९ जून २००७ रोजी ॲपल कंपनीचा आयफोन बाजारात आला. कळफलक नाही, बटणांची गर्दी नाही. काचेवर बोट फिरवावे आणि फोनने मुकाट्याने ऐकावे! किंमत ४९९ डॉलरपासून पुढे. पण खरी अडचण किमतीची नव्हती. तो फोन अमेरिकेत एकाच कंपनीच्या सेवेवर चालायचा, ती म्हणजे एटी अँड टी. आणि आमचे चिरंजीव, सूनबाई आणि सूनबाईंचा भाऊ असे तिघेही व्हेरायझनच्या एकाच कुटुंब-योजनेत, दोन वर्षांच्या कराराने बांधलेले. करार मुदतीआधी मोडला तर दंड!

गंमत अशी, की ही सोयरीक आधी व्हेरायझनकडेच सांगून आली होती, असे वृत्तपत्रांनी २००७ च्या जानेवारीतच छापले होते. ॲपलच्या अटी मानवल्या नाहीत म्हणून त्यांनी नकार दिला. पुढे मुलगी शेजारच्या घरात सून होऊन गेली आणि तिच्या पायगुणाने त्या घराची भरभराट होऊ लागली. मग ज्यांनी नाही म्हटले त्यांच्या मनात काय कालवाकालव झाली असेल, हे लग्नाच्या बाजारात वावरलेल्या आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

२००९ च्या एप्रिलात पहिली कुजबुज छापून आली. ॲपल आणि व्हेरायझन यांची बोलणी चालू आहेत म्हणे! चिरंजिवांचा जुना फोन तेव्हाच म्हातारा झाला होता. त्यात काढलेले छायाचित्र म्हणजे धुक्यातला कोकण. सूनबाई म्हणाल्या, “अहो, एक साधा कॅमेरा तरी घेऊन टाका.” चिरंजीव म्हणाले, “आता कशाला? दोन-चार महिन्यांत आयफोन येईल. त्यात सगळंच आहे.”

त्याच जुलैत आम्हांला नातू झाला.

माझी आई तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांची. पणतू झाला म्हणून तिने आळीभर पेढे वाटले, आणि मग एकच ध्यास घेतला: त्याला डोळ्यांनी पाहायचे. तिला विमानप्रवास झेपण्यासारखा नव्हता. मूल फार लहान, त्यांनाही लवकर येता येईना. संगणकावरून एकमेकांना पाहण्याची सोय होती म्हणा. पण आमच्या घरची लाइन मुंगीच्या पावलाने चाले. चित्र मध्येच थिजायचे. आई घाबरून विचारायची, “बाळ असं का रे थिजलं? बरं आहे ना त्याला?” शेवटी तो नाद सोडला. चिरंजीव फोनवर म्हणाले, “आजी, थोडं थांब. नवा फोन आला की तुला त्याची हलती-बोलती चित्रं काढून पाठवतो.”

झाले! तेव्हापासून दर रविवारी आईचा पहिला प्रश्न ठरलेला. “आला का रे तुझा फोन?” जणू फोन म्हणजे कोणी पाहुणा आहे आणि तो गाडी चुकल्यामुळे खोळंबला आहे.

आता फोन दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा म्हणजे एवढे अवघड काय, असे मलाही वाटे. चिरंजिवांनी एकदा समजावून सांगितले, ते माझ्या शब्दांत सांगतो. एटी अँड टीची यंत्रणा होती जीएसएम पद्धतीची. व्हेरायझनची सीडीएमए पद्धतीची. पहिल्या पद्धतीच्या मूळ रचनेत काळाचे बारीक बारीक तुकडे पाडून प्रत्येकाला बोलण्याची पाळी देतात. शाळेत गुरुजी एकेकाला उभे करतात तसे. दुसऱ्या पद्धतीत सगळे एकदम बोलतात, पण ज्याचा त्याचा संकेत निराळा. लग्नाच्या मांडवात एकाच वेळी कानडी, गुजराती, तेलुगू, मराठी असा कलकलाट चाललेला असतो. तरी आपला कान आपली मराठी तेवढी वेचून घेतो ना, तसे. आपल्याकडचे रिलायन्सचे आणि टाटांचे जुने फोन याच दुसऱ्या जातीचे. तेव्हा एका पद्धतीसाठी घडवलेला फोन दुसरीवर चालत नाही. आतले रेडिओचे काम नव्याने करावे लागते. शिवाय एटी अँड टीशी झालेला एकमेव विक्रीचा करार. त्याची मुदत कंपन्यांनी लोकांना सांगितलेली नव्हती. जिथे पक्की माहिती नसते, तिथे ‘म्हणे’ला रान मोकळे!

आणि ते रान ‘म्हणे’ने चांगलेच माजवले. २७ जानेवारी २०१० ला ॲपलचा मोठा समारंभ होता. त्या दिवशी व्हेरायझनचा फोन जाहीर होणार म्हणे! प्रत्यक्षात निघाला आयपॅड, आणि त्याचीही सेवा एटी अँड टीचीच. मार्चअखेर पुन्हा बातमी: सीडीएमए फोनची तयारी चालू आहे म्हणे! जूनमध्ये आयफोन ४ आला, तो पुन्हा एटी अँड टीकडेच. इकडे व्हेरायझन तर २००९ च्या हिवाळ्यापासून नकाशे दाखवून एटी अँड टीला टोमणे मारीत होती, आणि ‘ड्रॉइड’ फोनच्या जाहिरातीत आयफोनला काय काय जमत नाही त्याची यादी वाचत होती. मी म्हटले, “अरे, ही तर भांडणाची लक्षणं!” चिरंजीव म्हणाले, “बाबा, भांडतात म्हणजेच बोलणी चालू असणार.” अफवेवर विश्वास ठेवणाऱ्याला नकारसुद्धा होकारच वाटतो.

१६ जुलै २०१० चा शुक्रवार. आयफोन ४ विशिष्ट तऱ्हेने हातात धरला की त्याची रेंज खाली येते, अशी ओरड झाली होती. त्याचा खुलासा करायला स्टीव्ह जॉब्ज वार्ताहरांपुढे आले आणि त्यांनी फोनला फुकट आवरण देऊ केले. संध्याकाळी चिरंजीव संगणकापुढे बसून तो वृत्तांत वाचत होते. व्हेरायझनबद्दल एखादा शब्द निसटला आहे का, ते शोधत होते. मागे दिवाणखान्यात सूनबाईंनी हाक मारली. “अहो, लवकर या!” चिरंजीव म्हणाले, “एक मिनिट.” त्या एका मिनिटात आमच्या नातवाने सोफ्याचा हात सोडला, तीन पावले टाकली आणि आईच्या कुशीत जाऊन पडला.

चिरंजीव उठून आले तेव्हा बाळ हसत होते आणि सूनबाई डोळे पुसत होत्या. ही हकीकत सूनबाईंनी माझ्या पत्नीला सांगितली, पत्नीने मला सांगितली, आणि आईला मात्र कुणीच सांगितली नाही.

सप्टेंबरात आम्ही उभयता न्यू जर्सीला गेलो. निघताना आईने लोकरीचे दोन मोजे दिले आणि म्हणाली, “त्याला चालताना बघून ये. मला सगळं सांग.” तिकडे पोचलो तर घरात वातावरण लग्नघरासारखे! ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वॉल स्ट्रीट जर्नलसारख्या पत्राने छापले होते, की वर्षाअखेर सीडीएमए आयफोनचे उत्पादन सुरू होणार. “आता नक्की, बाबा,” चिरंजीव म्हणाले. मी काही बोललो नाही. आईचा आवाज कानात होता.

दिवाळी आली. ५ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. त्याच्या आदल्या दिवशी मी पत्नीला बरोबर घेऊन एका दुकानात गेलो आणि खिशातल्या पैशांतून एक साधा, हातात मावणारा कॅमेरा घेऊन आलो. चिरंजिवांनी कपाळाला हात लावला. “बाबा, दोन महिन्यांत हा अडगळीत जाईल!” मी म्हणालो, “जाऊ दे. मीही जाणार आहेच. पण तोवर उपयोगी पडू दोघंही.”

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सूनबाईंनी उंबऱ्यापाशी पणत्या मांडल्या. नातू नवा झबला-टोपरा घालून, डुलत डुलत त्यांच्याकडे निघाला. माझ्या पत्नीने कॅमेरा धरला होता. तिचा हात कापत होता, म्हणून चित्रही थोडे कापते. बाळ पणतीपाशी थांबले, तिच्याकडे बोट केले आणि म्हणाले, “पन्ती!” सूनबाई म्हणाल्या, “आणि पणजी कुठे आहे?” तेव्हा त्याने मागे वळून थेट कॅमेऱ्याकडे पाहिले आणि म्हटले, “पन्जी!” सारे मिळून चाळीस सेकंद.

डिसेंबरात घरी परतलो. चाकांची खुर्ची ओढून आईला संगणकापुढे बसवले आणि ते चाळीस सेकंद लावले. ती काही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, “पुन्हा लाव.” असे किती वेळा लावले ते मी मोजले नाही. शेवटी तिने पदराने पडदा पुसला आणि म्हणाली, “चालतो कसा! अगदी ह्यांच्यासारखा, डावा खांदा पुढे टाकून.” ‘हे’ म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन वीस वर्षे झाली होती.

आणि मग, वाचकहो, ‘म्हणे’ खरे झाले! ११ जानेवारी २०११ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये व्हेरायझनने आयफोन ४ जाहीर केला. त्यांचे अधिकारी लोवेल मॅकॲडम यांनीच थट्टेने कबूल केले, की वार्ताहरांनी एखादी गोष्ट पुरेशी लिहीत राहिले की शेवटी ती खरी होतेच. जुन्या ग्राहकांसाठी आगाऊ नोंदणी ३ फेब्रुवारीच्या पहाटे तीन वाजता. चिरंजीव गजर लावून उठले. आमच्याकडे तेव्हा दुपारचा दीड वाजला होता, आई नुकती जेवून आडवी झाली होती. “आजीला सांगा, फोन येतोय!” आई म्हणाली, “अगंबाई, अजून यायचाच होता का तो? मग ते चित्र कशानं काढलं?”

१० फेब्रुवारीला विक्री सुरू झाली. दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरना. त्या फोनवर बोलत असताना इंटरनेट चालत नसे, ही सीडीएमएची खोड. पण चित्रे! आमच्या कॅमेऱ्याहून कितीतरी स्वच्छ. चिरंजिवांनी नुसता पाऊस पाडला. नातू घसरगुंडीवर, नातू बर्फात, नातू वरणभात खाताना. पण तोवर आईच्या डोळ्यांपुढचे धुके दाटले होते. ती म्हणे, “दिसत नाही रे. आवाज लाव नुसता.” आणि सगळ्यांत शेवटी, “ते पणतीचं लाव. ते मला दिसतं.”

त्या आषाढात आई गेली.

ऑक्टोबर २०११ मध्ये आयफोन ४एस आला आणि चिरंजिवांचा दोन वर्षे वाट पाहून घेतलेला फोन आठ महिन्यांत जुना झाला. त्याच महिन्यात आयफोन स्प्रिंटकडे आला, २०१३ मध्ये टी-मोबाइलकडेही आला. व्हेरायझनने आपली जुनी सीडीएमए यंत्रणा २०२२ च्या अखेरीस बंदच करून टाकली. ज्या भिंतीवर चिरंजिवांनी दोन वर्षे कान लावला होता, ती भिंतही आता राहिली नाही. एक फोन एकाच कंपनीचा असे, हे मिसरूड फुटलेल्या आमच्या नातवाला सांगितले तर त्याला ती पंचतंत्रातली गोष्ट वाटते.

चिरंजिवांना दोष देण्यासाठी हे लिहिले नाही. अफवा शेवटी खरी ठरली, त्यांचा तर्कही बरोबर निघाला. चूक एवढीच, की फोन येईपर्यंत बाळ थांबेल आणि आजी थांबेल असे आम्ही सगळ्यांनीच गृहीत धरले. फोन आला. पण ती पहिली तीन पावले कुठल्याच कंपनीकडे मिळत नाहीत.

मागच्या वर्षी चिरंजीव आले होते. माझ्या कपाटातला तो जुना कॅमेरा त्यांनी हातात घेतला, बराच वेळ फिरवून पाहिला आणि म्हणाले, “बाबा, हा मी नेऊ?” मी म्हटले, “ने. पण चालत नाही आता.” ते म्हणाले, “असू दे.”

आज सकाळीच पत्नी सांगत होती, पुढच्या वर्षी सगळे दिवाळीला इकडे येणार आहेत म्हणे. मी तिला म्हटले, “पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. आज संध्याकाळी त्यांना फोन लाव. आणि हो, येताना वाण्याकडून साखर घेऊन येतो. महागणार आहे म्हणे!”