चावी कोणाच्या हातात?

"आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" असं कार्यकर्ते विचारतात. मित्रांनो, प्रश्न आपला नाही. अत्याचाराच्या प्रकरणांतले साक्षीदारांचे जबाब, पीडितेचे फोटो, पत्ते आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर असतात. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आलं आणि पीडित व साक्षीदारांना संरक्षणाचा हक्क मिळाला. मग त्यांचे जबाब आपणच उघडे ठेवायचे का?

विंडोजचा पासवर्ड पुरत नाही. एन्क्रिप्शन नसेल तर हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की सगळं वाचता येतं.

सॉफ्टवेअर निवडताना एकच विचारा: चावी कोणाकडे? विंडोज होममधलं डिव्हाइस एन्क्रिप्शन सोपं आहे, पण त्याची रिकव्हरी की सहसा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर जाते. व्हेराक्रिप्ट मोफत आहे, त्याचा कोड कोणालाही तपासता येतो आणि पासवर्ड फक्त आपल्याकडे राहतो. म्हणून माझं मत व्हेराक्रिप्टला.

मात्र पासवर्ड विसरलात तर फाईल गेलीच. कुलूप उघडं असताना मालवेअर शिरला, तर कोणतंही एन्क्रिप्शन वाचवणार नाही. काम संपलं की कुलूप लावा. ज्यांनी विश्वासाने जबाब दिला, त्यांच्याप्रती ही आपली जबाबदारी आहे.

जय भीम!