जवळची वाट, लवकरची वाट

जून २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाली. त्याआधी अंधेरीहून घाटकोपरला जाणारे अनेक जण लोकलने दादर गाठत आणि तिथून मध्य रेल्वेने पुन्हा वर येत. नकाशावर हा उलटा फेरा. पण साकीनाक्याच्या कोंडीत बसमध्ये अडकण्यापेक्षा तो परवडे. कमी अंतर आणि कमी वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उपनगरातल्या प्रवाशाला शिकवावे लागत नाही.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला मात्र तेच गणित अवघड जाते. त्याचे नाव ‘कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्स’. १६९६ मध्ये योहान बर्नुली यांनी युरोपातील गणितज्ञांना कोडे घातले: तारेवरचा मणी आपल्याच वजनाने घसरत खालच्या, पण बाजूच्या टोकाला कमीत कमी वेळात पोहोचायला हवा, तर तार कशी वाकवावी? उत्तर सरळ रेषा नाही. आधी जवळजवळ सरळ खाली उतरून वेग कमावणारी ‘सायक्लॉइड’ ही वक्ररेषा आहे. नेहमीच्या कॅल्क्युलसमध्ये उत्तर एक संख्या असते. इथे अख्खी वाट शोधायची असते.

मुंबई विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन शाखेच्या चौथ्या सत्रात हा विषय होता. ऑयलर-लाग्रांज समीकरणाच्या निरनिराळ्या प्रकारांचे फक्त निष्कर्ष शिकवायचे, अशी सूट अभ्यासक्रमातच होती. मग क्लासेसनी काय करावे? प्रकार ओळखा, सूत्र लावा, मार्क घ्या. वैद्यकीय शिक्षणातही पाठांतर भरपूर आहे, पण रुग्णाच्या मनगटावर बोटे न ठेवता नाडीचा धडा संपत नाही.

मूळ कल्पना खरे तर साधी आहे. सर्वोत्तम वाट सापडली असे धरा. दोन्ही टोके घट्ट ठेवून मधला भाग किंचित हलवा. एका बाजूला हलवल्यावर त्याच प्रमाणात वेळ वाढत असेल, तर उलट बाजूला हलवल्यावर तो घटेल. मग ती वाट सर्वोत्तम कसली? म्हणून अशा बारीक बदलाने वेळेत जवळजवळ फरक पडता कामा नये. ऑयलर-लाग्रांज समीकरण हेच सांगते.

शरीरातही असा काटकसरीचा हिशेब दिसतो. रक्तवाहिनी अरुंद असेल तर हृदयाला जोर लावावा लागतो. रुंद असेल तर जास्त रक्त पोसावे लागते. सेसिल मरे यांनी १९२६ मध्ये हा तोल मांडला. त्यानुसार एका वाहिनीच्या दोन समान फांद्या झाल्या, तर प्रत्येकीची त्रिज्या मूळच्या सुमारे ७९ टक्के हवी. अनेक लहान धमन्या या नियमाच्या जवळ जातात; महाधमनीत रक्त ठोक्याठोक्याने वाहते, तिथे तो नीट बसत नाही. इथे शोध संख्येचा आहे, वाटेचा नाही. पण प्रश्न विचारण्याची रीत तीच.

महाविद्यालयांनी निदान पहिला तास फळ्यापासून दूर घ्यावा. वायरिंगच्या दोन प्लास्टिक पट्ट्या, दोन गोट्या. एक पट्टी सरळ उतरती, दुसरी सायक्लॉइडसारखी वाकवलेली. (गोटी घसरत नाही, गडगडते, पण त्याने निकाल बदलत नाही.) दोन्ही गोट्या एकदम सोडाव्यात आणि कोणती आधी पोहोचेल, हे मुलांना आधीच वहीत लिहायला सांगावे.