जलप्रवासाचा विसरलेला धडा

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. तथापि जिंतूर तालुक्यात पूर्णा नदी अडवून बांधलेल्या येलदरी धरणाने या कोरडवाहू मुलखाला एक विस्तीर्ण जलाशय दिला आहे. उद्या त्यावर प्रवासी नौका सुरू करण्याचा विचार कोणी मांडला, तर त्याचे स्वागतच व्हावे. मात्र तत्पूर्वी महाराष्ट्राने स्वतःच्या आगबोटींचा इतिहास पुन्हा एकदा चाळावयास हवा.

रेल्वे नव्हती, पक्के रस्ते नव्हते, त्या काळी कोकणाला मुंबईशी जोडले ते आगबोटींनी. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे म्हणजे जणू स्थानकेच होती. शिमग्याला आणि मे महिन्यात चाकरमानी घर गाठत ते याच बोटींनी. परंतु या इतिहासाला एक काळी कडाही आहे. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले असता, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट ऐन पावसाळ्यात बुडाली आणि ६०० हून अधिक माणसे प्राणास मुकली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नसल्याने मुंबईला हे वृत्त कळावयास कित्येक तास लागले.

हे सारे जुने झाले, असे म्हणण्याची सोय नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची नौका उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नौकेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईजवळ 'नीलकमल' नौकेवर नौदलाची वेगवान बोट आदळून १५ जणांचा बळी गेला. तेथेही क्षमतेहून अधिक प्रवासी होते आणि जाकिटांची तीच कथा होती.

तलावाचे पाणी संथ असते; म्हणून ते निर्धोक असते, असे नव्हे. धोका लाटांत जेवढा, तेवढाच तो 'आणखी चार जण बसू द्या' या आपल्या सवयीत असतो. नियम कागदावर पुष्कळ आहेत. उणीव आहे ती धक्क्यावर उभे राहून माणसे मोजणाऱ्याची आणि 'जागा नाही' असे ठामपणे सांगणाऱ्याची. हे काम केवळ सरकारचे नव्हे. सहल नेणाऱ्या शिक्षकाने जाकिटाविना एकाही मुलाला नौकेत चढू देऊ नये. त्यापायी सहल हुकली तरी चालेल. हजेरीपटावरचे नाव पुसले जाता कामा नये.