मातीला सल्ला, माणसाला नुसता आकडा

बारामतीजवळच्या कन्हेरी, काटेवाडी, भवानीनगर या ऊसपट्ट्यात माती तपासून घेण्यात आता नवल राहिलेले नाही. केंद्र सरकारने 19 फेब्रुवारी 2015 रोजी मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. त्या पत्रिकेवर बारा घटकांचे आकडे असतात. पण शेतकरी आधी बघतो तो शिफारशींचा रकाना: अमुक पिकाला, अमुक जमिनीत, नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग हाती घेतला, त्यात तर शेतातल्या ओलाव्याची नोंद आणि पाणी कधी, किती द्यायचे हा सल्ला दोन्ही मोबाइलवर येतात. आकडा द्यायचा आणि त्याचे काय करायचे तेही सांगायचे, हे इथल्या शेतीला उमगलेले आहे.

त्याच शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाच्या रक्ताच्या वाट्याला मात्र हे येत नाही.

मोठ्या आतड्याला सूज येऊन आतून व्रण पडण्याचा एक आजार आहे, अल्सरेटिव्ह कोलायटिस. त्याच घराण्यातला दुसरा म्हणजे क्रोन्स. हे आजार परदेशातले, आपल्याकडे नाहीत, असे बरीच वर्षे मानले गेले. पंजाबात घरोघर जाऊन केलेली पाहणी 2003 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा लाखामागे 44 जणांना कोलायटिस असल्याचे दिसले. तरी खेड्यात आजही शौचातून रक्त पडले की पहिला तर्क मूळव्याधीचा. मग आवेची औषधे, मग घरचे उपाय. क्रोन्सच्या रुग्णाला अनेकदा आतड्याचा क्षयरोग समजून आधी टीबीची औषधे मिळतात. दुर्बिणीने तपासणी होऊन नेमके निदान होईपर्यंत माणूस निम्मा झालेला असतो. आणि दिवसातून दहादा संडासला जावे लागते हे चारचौघांत सांगायचे कसे, म्हणून तो एसटीने प्रवास टाळतो, लग्नकार्य टाळतो, घरातही नीट बोलत नाही.

पुढे स्टेरॉइडने आराम पडतो. पण स्टेरॉइड कायम देता येत नाही, म्हणून प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी सुरू होते. आपल्याकडे बहुतेक वेळा ती ॲझाथायोप्रिन असते. डॉक्टर बजावतात, ‘सीबीसी आणि लिव्हरची तपासणी नियमित करायची. सुरुवातीला दर आठवड्या-पंधरवड्याला, नंतर महिन्याला, मग तीन महिन्यांनी. गोळी आहे तोवर तपासणी चुकवायची नाही.’ सल्ला अगदी योग्य. खरी परवड सुरू होते ती अहवाल आल्यावर.

सकाळी बारामतीत जाऊन जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त द्यायचे. संध्याकाळी, धारा काढून होत नाहीत तोच, मोबाइल वाजतो आणि पीडीएफ उघडते. वीस-बावीस ओळींत एक ओळ ठळक अक्षरांत, शेजारी इंग्रजी ‘एल’, म्हणजे कमी. टोटल ल्युकोसाइट काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशी, 3,600. शेजारी छापलेली मर्यादा 4,000 ते 11,000. तज्ज्ञ डॉक्टर शंभरेक किलोमीटरवर पुण्यात, भेटीची तारीख तीन आठवड्यांनी. दवाखान्याचा फोन स्वागतकक्षात उचलला जातो, तिथून उत्तर मिळते, ‘रिपोर्ट पाठवून ठेवा.’ मग माणूस इंटरनेटवर शोधतो. तिथे अस्थिमज्जा, जंतुसंसर्ग, लिम्फोमा असे शब्द ओळीने उभे राहतात. त्या रात्री त्या घरात कोण झोपेल?

या काळजीला मनाची कमजोरी म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘फार विचार करू नकोस’ एवढे सांगून सगळे मोकळे होतात. मला ते मुळीच पटत नाही. धोक्याची खूण छापलेला कागद हातात द्यायचा आणि तो समजावणारे माणूस द्यायचे नाही, तर मनुष्य घाबरणार नाही तर काय करणार? त्याची भीती बिनबुडाची नाही, हेही मान्य केले पाहिजे. या गोळीने पांढऱ्या पेशी खरोखरच घसरू शकतात, क्वचित जिवावर बेतेल इतक्या. म्हणून तर तपासणी सांगितलेली असते.

हे का होते, ते गोळीच्या जन्मात आहे. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज या दोघा शास्त्रज्ञांनी अमेरिकेत पेशींच्या जनुकद्रव्याचे घटक असलेल्या प्युरीनची नक्कल करणारी रसायने तयार केली. पेशी ती खरी समजून उचलते आणि तिची वाढ अडते. त्यातले मर्कॅप्टोप्युरीन 1953 साली मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरात आले. त्याचेच भावंड असलेले ॲझाथायोप्रिन पुढे मूत्रपिंड रोपणात आणि मग आतड्याच्या आजारात आले. या कामासह एकूण संशोधनासाठी दोघांना 1988 चे नोबेल मिळाले. आतड्यावर चाल करून आलेल्या पांढऱ्या पेशींना लगाम घालणे हेच या औषधाचे काम. त्यामुळे काउंट थोडा उतरलेला दिसला तर औषध लागू पडते आहे, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. लाल पेशींचा सरासरी आकार, अहवालात ज्याला एमसीव्ही म्हणतात, तोही या गोळीने वाढतो आणि तिथे ‘एच’ उमटतो. माहीत असलेल्याला त्यात विशेष काही नसते. माहीत नसलेल्याला ती दुसरी धोक्याची घंटा वाटते.

3,600 हा आकडा एकट्याने फारसे काही सांगत नाही. मागचे तीन अहवाल 4,100, 3,900, 3,700 असे असतील, तर हा माणूस आपल्या नेहमीच्या पातळीवर आहे, असे डॉक्टर बहुधा म्हणतील. मागच्या पंधरवड्यात 7,800 आणि आज 3,600 असेल तर तोच आकडा तातडीचा ठरतो, डोस कमी करावा लागतो किंवा गोळी थांबवावी लागते. त्यातही स्टेरॉइडमुळे पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात आणि स्टेरॉइड उतरवले की आपोआप खाली येतात. एकूण संख्येपेक्षा त्यातल्या न्यूट्रोफिल पेशी किती, हे अधिक महत्त्वाचे. म्हणजे मागचे अहवाल, स्टेरॉइडचा चालू डोस आणि प्रत्यक्ष रुग्ण अशा तीन गोष्टी समोर ठेवल्याशिवाय हा कागद वाचताच येत नाही. प्रयोगशाळेच्या संगणकाला यातले काहीच ठाऊक नसते. काउंट अगदीच तळाला गेला तर चांगली प्रयोगशाळा स्वतः फोन करते, तसा मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना दंडकच आहे. पण 3,600 सारखे मधले आकडे त्या दंडकात बसत नाहीत, आणि लोकांच्या झोपा उडतात त्या याच आकड्यांनी.

आपल्या लोकांपुरती आणखी एक गोष्ट डॉक्टरांनीच लक्षात घ्यायला हवी. ही गोळी कोणाला सोसणार नाही, हे आधी ओळखण्यासाठी पाश्चात्त्य देशांत टीपीएमटी नावाच्या विकराची तपासणी करतात. 2014 साली कोरियातल्या संशोधकांनी एनयूडीटी15 या दुसऱ्या जनुकातला बदल दाखवून दिला. तो आशियात जास्त आहे, भारतीयांतही टीपीएमटीपेक्षा अधिक आढळतो. हा बदल आई-वडील दोन्हीकडून आलेला असेल, तर पहिल्या काही आठवड्यांतच केस मुठी-मुठीने गळतात आणि पाठोपाठ पेशी कोसळतात. म्हणून गोळी सुरू झाल्यावर अचानक केस जायला लागले तर शाम्पू बदलण्यात दिवस घालवू नयेत, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. ही एकदाच करायची तपासणी गोळी सुरू करण्याआधी होऊ शकते. ती सरकारी दवाखान्यात मिळावी, असा आग्रह वैद्यकीय महाविद्यालयांनी धरला तर तो रास्त ठरेल.

भीतीने माणसे दोन टोकांना जातात. काही जण गोळी आपल्या मनाने बंद करतात. काउंट वर येतो, जिवाला बरे वाटते, आणि थोड्याच महिन्यांत आतडे पुन्हा पेटते, पुन्हा रक्त, पुन्हा स्टेरॉइड. सुनेला दिवस गेले की घरची मंडळी काळजीपोटी गोळी काढून घेतात, तोही यातलाच प्रकार. वास्तविक गरोदरपणात आजार उसळणे बाळाला अधिक घातक असते, आणि बहुतेक तज्ज्ञ ही गोळी चालू ठेवायला सांगतात. दुसरे टोक म्हणजे तपासणीच टाळणे, आकडा दिसायला नको म्हणून. या दोन्हींच्या मध्ये घरगुती उपायांची गर्दी. डेंग्यूच्या साथींत प्लेटलेट घसरल्या की पपईच्या पानांचा रस आणि किवी आणायची सवय लागली, तीच इथे लावली जाते. इथे घसरलेल्या असतात पांढऱ्या पेशी आणि कारण असते गोळी. पपईचे पान त्याला काही करू शकत नाही.

खरा धोका कुठे आहे, हे मात्र कोणी कागदावर लिहून देत नाही. काउंट कमी आणि अंगात ताप, घसा दुखतो, तोंडात फोड, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा आणि गोळीचे नाव पहिल्या वाक्यात सांगायचे. पावसाळ्यात हे विशेष, कारण डेंग्यूही पांढऱ्या पेशी उतरवतो, आणि समोरच्या डॉक्टरला गोळी माहीत नसेल तर तो एकच कारण धरून बसेल. संध्याकाळचा ताप, रेंगाळलेला खोकला असेल तर टीबीची तपासणी. आणि तिसरी गोष्ट, जी माझ्या मते प्रत्येक औषधाच्या दुकानात भिंतीवर लावावी: युरिक ॲसिड वाढले, सांधा सुजला म्हणून ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट दिले जाते. ॲझाथायोप्रिन शरीरातून निकामी करणारी एक वाट ही औषधे बंद करतात. गोळीचा डोस तोच राहतो, परिणाम कित्येक पटींनी वाढतो, आणि पेशी जीवघेण्या पातळीला जाऊ शकतात. अंगठा ठणकतो म्हणून गावातल्या दवाखान्यात गेलेला माणूस आपण आतड्यासाठी काय घेतो हे लाजेने सांगत नाही, आणि घात होतो तो तिथे.

यावर उपाय करायला नवी इमारत लागत नाही. मोफत निदान सेवेच्या 2019 मधल्या सुधारित यादीत प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी 63 तपासण्या आहेत. त्यात सीबीसी आहे, यकृताच्या तपासण्याही आहेत. महाराष्ट्रात महालॅबच्या व्यवस्थेतून सरकारी आरोग्य केंद्रांतले नमुने गोळा होतात. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार आणि तपासण्या निःशुल्क आहेत. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला तज्ज्ञाशी जोडून देणारी ई-संजीवनी आहे. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांची नोंद ठेवायची घडी तर बसलेलीच आहे. त्याच वहीत एक पान वाढवायचे: प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे घेणारे. नाव, गोळी, डोस, मागचे अहवाल एका ओळीत, पुढची तारीख. अहवाल आला की त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याने तो मागच्यांशी ताडून बघायचा, शंका असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाला विचारायचे, आणि रुग्णाला एक फोन: गोळी चालू ठेवा, किंवा कमी करा, किंवा आत्ता या. खासगी तज्ज्ञांनीही चिठ्ठीवर दोन ओळी वाढवाव्यात: कोणत्या आकड्याला फोन करायचा आणि कोणत्या आकड्याला थेट यायचे.

कन्हेरीच्या मारुतीपुढे पवार घराण्याच्या प्रचाराचा नारळ फुटतो, हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तिथे येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला हे एक पान मागायला हरकत नाही.

आतड्याच्या आजाराचे असे रुग्ण तालुक्यात असून असून किती असणार, असा प्रश्न येईल. तर त्या पानावर ते एकटे नसतील. संधिवाताचे, सोरायसिसचे, ल्युपसचे, मूत्रपिंड रोपण झालेले, सगळे याच रांगेत आहेत आणि त्यांनाही ठरावीक काळाने रक्त तपासावेच लागते. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेल्याने जगभर माणसे दगावली आहेत. महिन्याला एकदा वही उघडून ‘गोळी कोणत्या वारी घेता?’ एवढे विचारणारे कोणी असेल, तर ती चूक पहिल्याच महिन्यात सापडते.